वचनात राहायला कसं जायचं

बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात पहिल्याच अध्यायात दोन जण येशूच्या मागं मागं चालत असतात, तो वळून विचारतो, काय शोधताय? आणि त्यांचं उत्तर बघा, तारणाबद्दल काही नाही, स्वर्गाबद्दल काही नाही, ते विचारतात, गुरुजी तुम्ही राहता कुठं? एसटीत शेजारी बसलेल्या माणसाला आपण दहा मिनिटांत विचारतो तोच प्रश्न. तो म्हणतो, या आणि बघा. ते गेले, बघितलं, आणि त्या दिवशी त्याच्याकडंच राहिले. योहानानं वेळसुद्धा लिहून ठेवलीय, दहावा तास, म्हणजे आपले दुपारचे चार.

मूळ ग्रीकमध्ये तिथं 'राहणं' यासाठी जे क्रियापद आहे तेच पुढं आठव्या अध्यायात येतं, माझ्या वचनात राहिलात तर तुम्ही खरोखर माझे शिष्य आहात, आणि तेच पंधराव्यात द्राक्षवेल आणि फांद्यांपाशी परत परत येतं. मराठीत तर हे फारच छान बसतं कारण आपलं 'राहणं' पण दोन्हीकडं चालतं, पिंपरीत राहतो आणि शब्दाला धरून राहतो. म्हणजे शिष्य कोण, तर वचन ज्याचा पत्ता आहे तो.

हे घोळून सांगायचं कारण, मी जवळजवळ पंधरा वर्षं वचनात, म्हणजे बायबलमध्ये, पाहुण्यासारखा जायचो. रविवारी उपासनेत उघडायचं, पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, सांगतील तो उतारा काढायचा, ३१ डिसेंबरच्या रात्री चर्चमध्ये वर्षाचं वचन म्हणून बायबलमधली एक ओळ मिळते ते कार्ड पाकिटात ठेवायचं, कोण आजारी असलं की २३ वं स्तोत्र. पाहुणा बाहेरच्या खोलीत बसतो, चहा पितो, जातो. घरच्या माणसाला अंधारात पण माहीत असतं मीठ कुठल्या बरणीत आहे. मी पाळक नाही, सेमिनरीत शिकलेलो नाही, चाकणला एका कंपनीत क्वालिटीला शिफ्टमध्ये काम करतो, पण पाहुण्याचा घरचा माणूस कसा झालो ते मला नीट आठवतं आणि ते जसंच्या तसं सांगतो, ज्याला उपयोगी पडेल त्यानं घ्यावं.

आधी एकच प्रत धरा

मोबाईलवर मराठीची दोनतीन भाषांतरं सहज मिळतात, ऑडिओ पण मिळतं, आणि मी ते वापरतो, पण राहायला मात्र एकच छापील पुस्तक घ्या. रोज तेच. कारण आपलं डोकं जागा लक्षात ठेवतं, ते वचन डाव्या पानावर खाली आहे, तिथं चहाचा डाग आहे, हे सगळं मिळून ते वचन 'आपलं' होतं. स्क्रीनवर सगळी पानं सारखीच.

भाषांतर कुठलं हा प्रश्न सगळे विचारतात. बायबल सोसायटीचं जे आपल्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वाचतात ते जरा जुन्या वळणाचं आहे, पण लहानपणापासून कानात तेच असेल तर तेच ठेवा, पाठांतराला त्याची लय चांगली. नवीन असाल आणि शब्द अडत असतील तर सोप्या मराठीतलं घ्या, त्यात काही कमीपणा नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल मराठीत आणलं ते याचसाठी ना, की खेड्यातल्या साध्या बाईला कळावं. कितीतरी वर्षं त्या कामात गेली, छपाईचं काम तिथल्या बायकाच करायच्या, भाषांतर हातावेगळं झालं आणि ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो, जे २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, त्यांचं सुबोध मराठीतलं भाषांतर पण कित्येक घरांत आहे. अडलं की दुसरं उघडून बघायचं, दोन भाषांतरं शेजारी ठेवली की अर्धे प्रश्न तिथंच सुटतात. पण मुक्काम एकाच ठिकाणी.

आणि ते पुस्तक कपाटात वर ठेवू नका. मान म्हणून वर ठेवतो आपण, मग हात पोचत नाही. माझ्या आज्जीचं बायबल फडताळात खालच्या फळीवर असायचं, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं, हळदीच्या डब्याशेजारी. पानांना हळदीचा वास यायचा. मला वाटतं तिनं मुद्दामच तिथं ठेवलं असणार, दिवसातून चारदा हात तिथं जाणारच होता.

कुठून सुरू करायचं

१ जानेवारीला उत्पत्तीपासून, म्हणजे पहिल्या पुस्तकापासून, सुरू करून रोज तीनचार अध्याय, वर्षात पूर्ण, हा प्लॅन मी पाच वेळा सुरू केला आणि पाचही वेळा फेब्रुवारीत लेवीय या तिसऱ्याच पुस्तकात थांबलो. प्लॅन वाईट नाही, ज्यांना जमतो त्यांनी जरूर करावा, पूर्ण शास्त्र एकदा तरी वाचलंच पाहिजे. पण नवीन घरात गेल्यावर पहिल्याच दिवशी कोणी माळ्यावरच्या ट्रंका उघडत नाही.

मी सांगेन मार्कच्या शुभवर्तमानापासून सुरू करा. १६ अध्याय, मोठ्यानं वाचलं तर दोन तासांच्या आत सगळं होतं, आणि एकदा तरी एका बैठकीत वाचा, रविवारी दुपारी, सिनेमा बघतो तसं. येशू एका जागी थांबत नाही त्यात, लगेच उठला, लगेच निघाला, आणि तुम्ही त्याच्या मागं धावत असता. त्यानंतर मत्तयच्या शुभवर्तमानातले ५, ६, ७ हे तीन अध्याय, डोंगरावरचं प्रवचन. रेव्हरंड नारायण वामन टिळकांना रेल्वेच्या डब्यात एका अनोळखी प्रवाशानं नवा करार दिला होता, वाचीन असा शब्द दिला होता म्हणून वाचायला घेतला, आणि डोंगरावरच्या प्रवचनाशी आल्यावर मग सुटलाच नाही तो, १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. एवढा मोठा कवी, संस्कृतचा माणूस, या तीन अध्यायांनी धरून ठेवला. तीन अध्यायांत फक्त १११ वचनं आहेत.

मग एक छोटं पत्र घ्या आणि महिनाभर तेच वाचा. हो, महिनाभर तेच. फिलिप्पैकरांस पत्र चारच अध्यायांचं आहे, पंधरावीस मिनिटांत होतं. प्रेषित पौलानं ते बंदिवासातून फिलिप्पैच्या मंडळीला लिहिलंय. पहिले चारपाच दिवस काहीच वेगळं वाटत नाही, दहाव्या दिवशी कंटाळा येतो, हा कंटाळा महत्त्वाचा आहे, त्याला घाबरून दुसरीकडं जाऊ नका. मला पंधराएक दिवसांनी पहिल्यांदा दिसलं की चौथ्या अध्यायात दोन बायकांची नावं आहेत, युवदीया आणि सुंतुखे, त्यांचं आपसात पटत नाहीये आणि पौल त्यांना विनवतोय की एकमनाच्या व्हा. बंदिवासात बसलेला माणूस मंडळीतल्या दोन बायकांच्या भांडणाची काळजी करतोय! आणि मग दुसऱ्या अध्यायातलं ते मोठं, ख्रिस्तानं स्वतःला रिकामं केलं, ते एकदम वेगळंच वाचलं मी, की अरे, हे त्या दोघींना पण सांगतोय हा. चौदा दिवस मी ते रोज वाचत होतो आणि मला दिसलं नव्हतं.

अजून एक, अध्याय आणि वचनांचे आकडे लिहिणाऱ्यांनी घातलेले नाहीत. अध्याय पडले १३ व्या शतकात, आणि नव्या करारातल्या वचनांचे आजचे आकडे आले १५५१ मध्ये. ते सापडायला सोयीचे आहेत, पण पत्र हे पत्रासारखं वाचायचं, सहीपर्यंत. आपल्याला कोणाचं पत्र आलं तर आपण मधली एक ओळ कापून भिंतीला लावतो का.

कार्डावरचं वचन

हे जरा सविस्तर सांगतो कारण इथं मला लागलं होतं.

एका वर्षी नवीन वर्षाच्या उपासनेत मला यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं २९:११ आलं, म्हणजे २९ व्या अध्यायातलं ११ वं वचन. तुमच्याविषयी माझ्या मनात काय संकल्प आहेत ते मी जाणतो, ते हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. त्यावेळी मी दुसऱ्या एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर होतो आणि पर्मनंट करतो करतो म्हणून तीन वर्षं झाली होती. मी म्हणलं झालं, यावर्षी ऑर्डर मिळणार, देवानं सांगितलं. बायकोला सांगितलं, आईला फोन करून सांगितलं. मार्चमध्ये आमची अख्खी बॅच काढली. मी ते कार्ड पाकिटातून काढून ड्रॉवरमध्ये टाकलं आणि खूप दिवस देवाशी बोललोच नाही, उपासनेला जायचो, पण बोललो नाही.

दीडेक वर्षानं मी यिर्मयाचं पुस्तक सलग वाचत होतो आणि २८ वा आणि २९ वा अध्याय एका बैठकीत आले. २८ मध्ये हनन्या नावाचा एक संदेष्टा सगळ्या लोकांसमोर सांगतो, दोन वर्षांत सगळं ठीक होईल, बाबेलला कैद करून नेलेले लोक परत येतील. लोकांना तेच ऐकायचं होतं. आणि २९ मध्ये यिर्मया त्या बाबेलला नेलेल्या लोकांना पत्र पाठवतो, की दोन नाही, सत्तर वर्षं. माझं ते ११ वं वचन त्या पत्रातलं आहे! त्याच्या आदल्याच वचनात सत्तर वर्षं लिहिलंय आणि मी ते कधी वाचलंच नव्हतं. आणि त्याच्याही आधी पाचव्या वचनापासून काय लिहिलंय, घरं बांधा आणि त्यात राहा, बागा लावा आणि त्यांची फळं खा, लग्नं करा, मुलंबाळं होऊ द्या, ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा.

मी तेव्हा अकरा महिन्यांच्या अ‍ॅग्रीमेंटवर भाड्याच्या खोलीत राहत होतो, गाव सोडून बारा वर्षं झाली होती आणि तरी भिंतीला खिळा ठोकला नव्हता कारण आपलं काय, आज आहे उद्या नाही. ते पत्र मला आलं होतं. ऑर्डर मिळेल असं त्यात कुठंच नव्हतं, होतं ते हे, की जिथं आहेस तिथं मन लावून राहा, मी तुला विसरलेलो नाही. मी रडलो त्यादिवशी. दुसऱ्या दिवशी तुळशीबागेत नाही, साधं आमच्या चौकातून दोन कुंड्या आणल्या आणि कढीपत्ता लावला.

म्हणून सांगतो, वर्षाचं वचन मिळालं ना, आनंदानं घ्या, मी अजूनही घेतो. पण घरी जाऊन तो पूर्ण अध्याय वाचा, आणि त्याच्या आधीचा एक आणि नंतरचा एक. कोण बोलतंय, कोणाला, काय घडल्यावर, एवढे तीन प्रश्न वहीत लिहून उत्तरं शोधायची. डोळे मिटून कुठंही बोट ठेवून वचन काढायची सवय असेल तर ती कृपा करून सोडा, ते वचन ऐकणं नाही होत, आपल्याला हवं ते काढून घेणं होतं, आणि मग ते खोटं ठरलं की आपण देवावर रुसतो.

मोठ्यानं, आणि परत परत

पहिल्या स्तोत्रात धन्य पुरुष रात्रंदिवस मनन करतो असं आहे. मनन म्हणलं की आपल्याला वाटतं डोळे मिटून शांत बसणं. पण मूळ हिब्रू शब्द तोंडानं पुटपुटण्याचा आहे, यशया ३१ मध्ये शिकारीवर बसलेला सिंह गुरगुरतो तिथं तोच शब्द आहे, आणि ३८ मध्ये पारव्यासारखं घुमणं आहे तिथंही तोच. म्हणजे मनन ही ओठांची गोष्ट आहे. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात आठव्या अध्यायात एक कूशी, म्हणजे इथिओपियाचा, अधिकारी रथात बसून यशया वाचत असतो आणि फिलिप्प नावाच्या सुवार्तिकाला रस्त्यावरून ते ऐकू जातं, कारण तो मोठ्यानं वाचत होता, त्या काळी तसंच वाचायचे.

माझी आज्जी शेवगाव तालुक्यातली, मोठेपणी वाचायला शिकली आणि फक्त बायबल वाचण्यासाठीच शिकली. चिमणीच्या उजेडात अक्षराखाली बोट ठेवून एकेक शब्द मोठ्यानं, अडला शब्द की तीनदा म्हणायची आणि मग पुढं. आम्हाला पोरांना कंटाळा यायचा, पण आज माझ्या कानात जी स्तोत्रं आहेत ती तिच्या त्या अडखळण्यासकट आहेत. १२१ वं स्तोत्र ती कोणी घरातून निघालं की उंबऱ्यात उभी राहून म्हणायची. शेवटचं वचन आहे, तुझं जाणं आणि येणं परमेश्वर सांभाळील, आत्तापासून सर्वकाळ. आपल्याकडं निघताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात, तिला कोणी चुकून जातो म्हणलं तर ती ओरडायची आणि मग तेच वचन परत पहिल्यापासून.

तर पाठ करा. मला माहितीय लोक म्हणतात आता वय झालं, पाठ होत नाही. पंडिता रमाबाईंना बाराव्या वर्षी भागवताचे १८ हजार श्लोक पाठ होते, आईनं तोंडी शिकवलेले, आपल्या मातीतच ही ताकद आहे, आपल्याच घरांत दिवेलागणीला परवचा म्हणायचे. तेवढं नको, १२१ व्या स्तोत्राची आठच वचनं आहेत. आठवड्याला दोन घ्या, चार आठवड्यांत झालं. पहिल्या दिवशी हातानं वहीत लिहा, छापील नको, हातानं. मग दिवसभरात ज्या गोष्टी आपण न चुकता करतो त्यांना ते जोडा. बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकात ६ व्या अध्यायात तेच सांगितलंय, घरात बसलेले असताना, वाटेनं चालताना, झोपताना, उठताना. मी बूट घालताना पहिली दोन वचनं म्हणतो, कंपनीच्या बसमध्ये पूर्ण, आणि रात्री मुलीला झोपवताना तिच्याकडून. ती सात वर्षांची आहे आणि माझ्या चुका काढते. आणि सुटी सुटी वचनं पाठ करण्यापेक्षा पूर्ण स्तोत्र, पूर्ण उतारा पाठ करा, सुटं वचन कार्डासारखंच असतं, कधी कुठं वापरलं जाईल सांगता येत नाही.

प्रभू येशूनंही हेच केलेलं दिसतं. अरण्यात सैतानाला तिन्ही उत्तरं त्यानं त्याच अनुवाद पुस्तकातून दिली, आणि ती पण सहाव्या आणि आठव्या अध्यायातून, म्हणजे पुस्तकाचा एकच कोपरा त्याला किती सरावाचा होता बघा. वधस्तंभावर तोंडी आलं ते २२ वं स्तोत्र आणि ३१ वं स्तोत्र. चाळीस दिवसांच्या उपासानंतर आणि हातापायांत खिळे असताना माणसाच्या तोंडून जे निघतं ते आधीपासून आत राहत असलेलंच निघतं.

रडायची खोली

हे मला कोणी लवकर सांगायला हवं होतं. स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत आणि त्यात सगळ्यात जास्त विलापाची आहेत. १३ वं घ्या, पहिल्या दोन वचनांतच चार वेळा आहे, कुठवर, परमेश्वरा? ८८ वं तर अंधारावरच संपतं, शेवटी हालेलूया नाही, काही नाही. आपल्या मंडळीत साक्ष द्यायला, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगायला, उभं राहिलं की सगळं चांगलंच सांगावं लागतं असं आपल्याला वाटतं, आणि मग ज्याचं चांगलं चाललेलं नाही तो मागच्या बाकावर सरकतो, हळूहळू यायचाच बंद होतो. त्याला १३ वं, ४२ वं, ८८ वं स्तोत्र दाखवा. त्याला कळू दे की या घरात रडायला जागा आहे आणि ती देवानंच बांधून ठेवलीय.

माझं म्हणाल तर १३० वं. मी तिसरी शिफ्ट बरीच वर्षं करतोय, रात्री अकरा ते सकाळी सात. ज्यांनी केलीय त्यांना माहीत आहे की तीन ते पाच हा टाइम सरत नाही. कूलंटचा वास डोक्यात बसलेला असतो, गेज हातात आणि डोळे मिटतायत. साडेचारला मी चहाला गेटपर्यंत जातो, तिथं वॉचमन काका डिसेंबरात पुठ्ठे जाळून हात शेकत बसलेले असतात आणि तोंड कायम पूर्वेकडं. काही बोलत नाहीत, फक्त बघत असतात. एकदा मी सहज म्हणलं काका काय बघताय, तर म्हणाले, काय नाय, उजाडतंय का बघतो. मी चहाचा कप घेऊन परत निघालो आणि चालता चालता तोंडात आलं, पहारेकरी पहाटेची वाट बघतात त्याहून जास्त माझा जीव प्रभूची वाट बघतो, हो, पहारेकरी पहाटेची वाट बघतात त्याहून जास्त. स्तोत्रात ती ओळ दोनदा आहे. वाचताना मला वाटायचं उगाच दोनदा का. रात्रपाळी केलेला माणूस एकदा बघून थांबत नाही, परत बघतो. लिहिणाऱ्याला ते माहीत होतं.

वाचून झाल्यावर काय

फार काही नाही. वहीत तारीख, उतारा, आणि एक ओळ, आज काय अडकलं. समजलं नाही तर तेच लिहा, समजलं नाही. माझ्या वहीत १३७ व्या स्तोत्राच्या शेवटाबद्दल, जिथं शत्रूची लेकरं खडकावर आपटणाऱ्याला धन्य म्हणलंय, तीन वर्षं तेच लिहिलेलं आहे आणि मी तो दरवाजा बंद ठेवून बाकीच्या घरात राहतो, पाळकसाहेबांना विचारलंय, वाचतोय, कळेल तेव्हा कळेल. मग त्या एका ओळीचीच प्रार्थना करायची, आपल्याच शब्दांत. जुन्या ख्रिस्ती मठांतले साधू याला चार पायऱ्या म्हणायचे, वाचन, मनन, प्रार्थना आणि मग काही न बोलता देवापुढं बसून राहणं. चौथी मला पाच मिनिटांच्या वर अजून जमत नाही पण ती पाच मिनिटं मी सोडत नाही.

एकट्यानं राहू नका मात्र. तो रथातला अधिकारी फिलिप्पाला म्हणाला, कोणी सांगितल्याशिवाय मला कसं समजेल? आमच्या भागात बुधवारी एका घरात चारपाच कुटुंबं जमतात, एकच उतारा, तीन वेगवेगळी माणसं मोठ्यानं वाचतात, आणि मग कोणीही बोलायचं, म्हाताऱ्या मावशीपासून कॉलेजच्या पोरांपर्यंत. एकच नियम ठेवलाय, भाषण नाही, या उताऱ्यात काय दिसलं तेवढंच. मला एकट्याला चौदा दिवस न दिसलेलं तिथं दहा मिनिटांत कोणाला तरी दिसतं.

पाया

मत्तय ७ मध्ये खडकावरचं घर आणि वाळूवरचं घर आहे, संडे स्कूलपासून गाणं म्हणतो आपण. मला कायम वाटायचं खडक म्हणजे वचन ऐकणं आणि वाळू म्हणजे न ऐकणं. नीट वाचा, दोघांनीही ऐकलंय! ज्यानं ऐकून केलं त्याचं घर खडकावर. म्हणजे इतका वेळ मी जे पाठांतर आणि वही आणि मोठ्यानं वाचणं सांगितलं ते सगळं करून सुद्धा घर वाळूवर असू शकतं.

गावी बांधावरून माझं आणि थोरल्या भावाचं वाजलं होतं, दोन फुटांचा बांध, चौदा महिने बोलणं बंद. आईच्या आजारपणात सुद्धा मी डॉक्टरांशी बोलायचो, त्याच्याशी नाही. त्याच काळात मी डोंगरावरचं प्रवचन पाठ करत होतो. मत्तय ५:२३ आणि २४, वेदीजवळ अर्पण आणलंस आणि आठवलं की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जा, भावाशी समेट कर. दोन वचनं, एरवी दोन दिवसांत पाठ होतात, ही दोन मला तीन आठवडे पाठ होईनात. शब्द विसरायचो, मागं पुढं व्हायचे. मुलगी वही धरून बसलेली, म्हणाली पप्पा तुम्ही 'भाऊ'लाच कसं काय अडकता.

त्या शनिवारी मी गावी गेलो. काय बोलायचं ते बसमध्ये ठरवत होतो आणि दारात गेल्यावर सगळं विसरलो. दादा गोठ्यात होता, मी म्हणलं दादा बांध तुझा, मला नको. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, आत ये, उन्हात का उभायस. बांधाचं पुढं आम्ही निम्मं निम्मं केलं, तो ऐकेना. परत येताना बसमध्ये ती दोन वचनं मी न अडता म्हणली.

तेव्हापासून मी वहीत दुसरी ओळ लिहितो. पहिली, काय अडकलं. दुसरी, आज काय करायचं, आणि त्यात नाव असलंच पाहिजे, कोणाला फोन, कोणाचे पैसे द्यायचे, कोणाची माफी. नुसतं 'जास्त प्रेम करायचं' असं लिहीत नाही, ते होत नाही.

शेवटचं एक. खंड पडणार. शिफ्ट बदलते, लेकरू आजारी पडतं, गावाकडं लग्न निघतं, आठ दिवस पुस्तक उघडत नाही, मग लाज वाटते आणि लाजेनं अजून पंधरा दिवस जातात. तो राहिलेला कोटा भरून काढायला बसू नका, आठ दिवसांचे चोवीस अध्याय एका रात्रीत वाचून काही हाती लागत नाही. आपण गावाहून आठ दिवसांनी घरी आलो तर राहिलेली आठ जेवणं जेवत नाही, हातपाय धुतो आणि आजचं ताट घेतो. जिथं खूण आहे तिथून पुढं, आजच्या तारखेनं.

आणि अजून सुरूच केलं नसेल तर आज रात्री जेवणं झाल्यावर टीव्ही बंद करून घरात जे कोण असतील त्यांना बसवा आणि मार्कचा पहिला अध्याय मोठ्यानं वाचा. ४५ वचनं आहेत, सातआठ मिनिटं लागतात. अडखळलात तर तो शब्द परत म्हणा आणि पुढं जा.